गवताची खूण

जुईचा केस शलाकाने मुद्दाम सगळ्यांत शेवटी यंत्रात घातला. शाळेतल्या बाकी मुलांचे केस वाचून झाले होते. आपल्या लेकीचा आकडा शाळेत सर्वांत खाली येणार याची तिला इतकी खात्री होती, की तो बघायला तिने शेजारच्या टेबलावरच्या गार्गीलाही बोलावून घेतलं होतं. घरात साखरेचा डबा नाही. बाहेरचं बिस्कीट उंबरा ओलांडून आत येत नाही. मुलीची आई राज्याच्या अन्नतपासणी संस्थेत शास्त्रज्ञ आणि हे यंत्र बसवणाऱ्या गटाची प्रमुख. अशा घरातल्या मुलीचा आकडा आणखी काय येणार?

पडद्यावरची रेघ सरसर वर गेली, लाल पट्ट्यात शिरली आणि तिथेच राहिली.

"दुसऱ्या कुणाचा लागला असेल गं केस," गार्गी म्हणाली. तिला तिथून सटकायची घाई झाली होती.

शलाकाने दुसरा केस घातला, मग तिसरा. जुईचे केस चांगले लांब होते, म्हणजे दोन वर्षांचं खाणंपिणं त्यांत साठलेलं. मुळापासून टोकापर्यंत सगळं लाल. शाळेत सर्वांत वर.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं. उसाचा रस इथेनॉल होऊन गाड्यांच्या टाक्यांत जाऊ लागला, तेव्हापासून खाद्यपदार्थांच्या कारखान्यांनी साखरेचा नाद सोडला आणि मका धरला. मक्यातलं स्टार्च काढायचं, विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, त्याचे तुकडे करून ग्लुकोज करायचं, आणि त्यातल्या निम्म्याअधिक ग्लुकोजचं पुन्हा फ्रुक्टोज. झाला मका-पाक तयार. पावात घातला तर पाव मऊ राहतो, सॉसला चकाकी येते, खारट शेव लवकर खवट होत नाही. ग्लुकोज पोटात गेलं की शरीरातली प्रत्येक पेशी आपापला वाटा उचलते. फ्रुक्टोजचं मात्र बहुतेक सगळं काम एकट्या यकृताच्या गळ्यात पडतं. ते फळातून, चोथ्यासकट, सावकाश आलं तर यकृत कुरकुर करत नाही. दिवसभर पातळ पाकातून येतच राहिलं तर यकृत त्याची चरबी करतं आणि स्वतःच्याच अंगात साठवतं. तसं उसाच्या साखरेतही फ्रुक्टोज असतंच, त्या बाबतीत दोघं भावंडंच. पण साखर जिभेला कळते. हा पाक जिथे गोड लागतही नाही अशा ठिकाणी लपून बसतो. पाहता पाहता दारूच्या थेंबाला न शिवलेल्या शाळकरी पोरांची यकृतं दारुड्यांसारखी दिसायला लागली.

मग सरकारला जाग आली आणि शलाकाच्या गटाने केशलेख आणला. कार्बनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक हलके, शंभरातला एखादा किंचित जड. गहू, तांदूळ, डाळी, भाज्या ही मंडळी हवेतून कार्बन घेताना चोखंदळपणा करतात आणि जड अणू शक्य तितका टाळतात. मका तेवढे नखरे करत नाही. त्यामुळे त्याच्यात जड अणू जरा जास्त. मक्याचा पाक केला, तो पावात घातला, पाव मुलाने खाल्ला, मुलाचा केस वाढला, तरी ही खूण पुसली जात नाही. केस म्हणजे खाल्लेल्या अन्नाचा पक्का साक्षीदार. लोकांनी यंत्राचं नाव चुगलीपेटी ठेवलं. बाजारातल्या मालाचीही तीच परीक्षा सुरू झाली. जो पदार्थ पास होई त्याच्यावर हिरव्या पानाचा 'मका-मुक्त' शिक्का बसे, आणि मंजुरीवर सही असे शलाकाची.

जुईची सोनोग्राफी त्याच महिन्यात झाली होती, पोटदुखीचं निमित्त होऊन. आठ वर्षांच्या पोरीच्या यकृतावर चरबी. डॉ. नायगावकर म्हणाल्या होत्या, "पोटात काहीतरी गोड जातंय, ते शोधा आणि थांबवा. पुढच्या तपासणीत उतरलं नाही तर सुई घालून यकृताचा तुकडा काढून बघावा लागेल." शलाकाला तेव्हा कळेना की गोड जाणार कुठून. आता चुगलीपेटीने सांगितलं की जातंय. कुठून, एवढाच प्रश्न उरला, आणि घरात माणसं तरी किती होती? ती स्वतः, हर्षद आणि हर्षदची आई.

रंजनाताईंनी सगळी नोकरी एसटीत काढलेली, बार्शी आगारात कंडक्टर म्हणून. नवरा गेल्यावर आणि जुई झाल्यावर त्या पुण्याला आल्या. आवाज अजून गाडीतलाच. जुई आंघोळीला रेंगाळली की "चला, पुढं सरका, मागं लई गर्दी हाय" अशी हाळी यायची आणि पोरगी खिदळत पळायची. शलाका प्रयोगशाळेत, हर्षद त्याच्या पुलांच्या कामावर. जुईचं खाणंपिणं आज्जीकडे. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, संध्याकाळी उरलेली भाकरी कडक करून वर तेल-चटणी. शाळेचा डबा मात्र शलाका स्वतः भरायची. त्यात तिला कुणाची लुडबुड चालत नसे.

त्या संध्याकाळी शलाका घरी आली तेव्हा रंजनाताई, तिच्या 'आई', भाकऱ्या थापत होत्या. तिने पर्स खाली ठेवली नाही की चप्पल काढली नाही.

"आई, जुईला तुम्ही बाहेरचं काही देता का?"

"भायेरचं म्हंजी?"

"बिस्किटं, गोळ्या, सरबत. खालच्या दुकानातून."

"अगं, दुकानात मी कोथमिरीला जाते तेवढी. आन् तुला न विचारता कशाला दीन मी?"

"मग हे आलं कुठून?" शलाकाने फोनवरची लाल रेघ त्यांच्या तोंडासमोर धरली. आईंनी पिठाचे हात लांब धरून मान पुढे केली, रेघ बघितली आणि काही न समजून सुनेकडे पाहिलं.

हर्षद मध्ये पडला. "यंत्राचं काही चुकलं असेल, शलाका."

"यंत्र मी बसवलंय."

"म्हणून चुकत नाही?"

"मग तू देतोस का तिला?"

"वेड लागलंय तुला!"

आवाज चढत गेले. घरोघरी होतात तशीच ती भांडणं, फरक एवढाच की इथे एका बाजूला पुरावा होता. पुरावा हातात असलेल्या माणसाइतकं आंधळं कुणी नसतं, आणि शलाका त्या दिवशी ठार आंधळी झाली होती. तिने जुईला हाक मारली. पोरगी दारातच उभी होती, सगळं ऐकत.

"जुई, इकडे ये. आज्जी तुला गुपचूप खाऊ देते ना?"

जुईने नाही म्हणून मान हलवली.

"खरं सांग. मी रागावणार नाही. देते ना?"

पुन्हा नाही.

"मशीनला सगळं कळतं, बाळा. मशीनने सांगितलंय. आता तू खोटं बोललीस तर मला खूप वाईट वाटेल. देते ना आज्जी?"

जुईने आईकडे पाहिलं, आज्जीकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली. मग तिला रडूच फुटलं.

आईंनी गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी अर्धी कच्चीच राहिली.

"पोरीला कशाला उलटंपालटं विचारायलीस?" त्या म्हणाल्या. "मीच देत व्हते. बास? सोड तिला."

"काय देत होता?"

"जे मशीन म्हनतंय ते."

शलाकाला राग आला, आणि रागाच्या तळाशी, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. यंत्र बरोबर होतं. ती बरोबर होती. कबुलीचं ते वाक्य किती विचित्र आहे हे तिच्या कानांना ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई बार्शीला धाकट्या बहिणीकडे गेल्या. जा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. थांबा असंही कुणी म्हटलं नाही. हर्षद स्वारगेटला सोडायला गेला आणि गाडी सुटेपर्यंत पेपरात तोंड घालून उभा राहिला.

घराची शिस्त बदलली. भाकरी कुणाला येत नव्हती, त्यामुळे पोळ्या बाहेरून येऊ लागल्या. भात, वरण, भाजी. नाचणीच्या पिठाचा डबा शलाकाने कामाच्या बाईंना देऊन टाकला. सकाळी दुधात घालायला हिरव्या पानाचा शिक्का असलेले कुरकुरीत पोहे, डब्यात हिरव्या पानाच्याच, पिळून चोखायच्या आंबा-दह्याच्या दोन नळ्या. त्या नळ्या आधीपासूनच असायच्या, जुईचा जीव होता त्यांच्यावर. आता शाळेतून आल्यावर घरात कुणी नसे, म्हणून शलाकाने फ्रिजचा एक कप्पाच त्यांनी भरून ठेवला. भूक लागली की घे गं राणी. शिक्का तिच्याच संस्थेचा, मग काळजी कसली?

जुई आधी रोज विचारायची, आज्जी कधी येणार. मग विचारेनाशी झाली. फोनवर आज्जी दोन मिनिटं बोलायची, शाळा कशी चाललीय, अभ्यास करते का. काय खाल्लंस हे मात्र ती कधी विचारत नसे.

केस वाढले. शलाकाने मुळाजवळचा नवा भाग यंत्रात घातला आणि रेघ कड्यावरून धोंडा सुटावा तशी खाली आली. लाल सोडून पिवळ्यात, पिवळं सोडून हिरव्यात. तिने तो आलेख हर्षदला पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही, लिहायची गरजच नव्हती. हर्षदने तो बघितला आणि त्या आठवड्यात आईला फोन केला नाही.

पुढच्या सोनोग्राफीला शलाका जवळजवळ हसतच गेली. नायगावकर बाईंनी यंत्राची दांडी जुईच्या पोटावर बराच वेळ फिरवली.

"वाढलंय," त्या म्हणाल्या.

"काय वाढलंय?"

"चरबी. आधीपेक्षा बरीच."

"शक्यच नाही. तिचा आकडा बघा ना, हिरव्यात आलाय!" शलाकाने फोन पुढे केला.

"मॅडम, मी आकड्याला औषध देत नाही." डॉक्टरांनी फोन हातातही घेतला नाही. "मुलगी इथे झोपलीय, ती बघा. पुढच्या महिन्यात सुई घालायची तयारी ठेवा."

घरी येताना जुई मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, सुई मोठी असते का गं?" शलाकाने आरशात बघायचं टाळलं. तिचं डोकं एकाच जागी फिरत होतं. गोड गेलं नाही, तरी चरबी वाढली. यंत्र म्हणतं एक, यकृत म्हणतं दुसरं. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि यकृताला खोटं बोलायचं काही कारण नाही.

ती त्या विचारातच होती तेव्हा तिला सातपुड्याच्या पायथ्याला जावं लागलं. तिथल्या एका आश्रमशाळेचा आकडा राज्यात सर्वांत वर होता. केशलेखच्या अहवालावरून तिथल्या स्वयंपाकीणबाईंना, सुमाबाईंना, काढून टाकलं होतं आणि अधीक्षक वसावे सरांवर चौकशी बसली होती. आरोप असा की, पौष्टिक आहाराच्या नावाखाली पोरींना पाकाची पाकिटं खाऊ घालतात. संस्थेचं माणूस पाहणीला जायचं होतं आणि शलाकाने ते काम मुद्दाम मागून घेतलं. घरापासून लांब जायला मिळेल, हे त्यातलं खरं कारण.

शेवटची टपरी मागे पडून तासभर झाला तरी गाडी चढतच होती. वसावे सर फाटकात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुणे येणार म्हणून नव्हे तर चौकशीची सवय झाली म्हणून.

"कोठी बघा, मॅडम. पेट्या बघा, पोरींच्या गाद्या उचलून बघा," ते म्हणाले. "इथे पाव मिळत नाही, तर पाक मी कुठून आणू? काय झालंय ते तुम्हीच सांगा आता. मला नोकरीचं नाही एवढं. पण आमच्या सुमाबाईंना गावात लोक विचारतात, पोरींना काय विष घालत होतीस गं?"

तिने सगळं बघितलं. कोठीत पोती होती. एकात ज्वारी, दुसऱ्यात मका, पिवळाधमक, अख्खा दाणा. तूरडाळ, मिरच्या. बाकी काही नाही.

जेवणाची वेळ झाली. पोरी रांगेत बसल्या, तिच्याही पुढे ताट आलं. ताटात तुरीची आमटी, शेजारी हातभर रुंद भाकऱ्यांची चळत. नव्या स्वयंपाकीणबाईंनी विचारलं, "ज्वारीची देऊ का मक्याची? दोन्ही आहेत." आणि शलाकाचा हात ताटावरच थांबला.

मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, ऊस. सगळे गवताच्या एकाच गोतातले, गहू-तांदळाच्या गोतापेक्षा वेगळ्या. सगळ्यांची कार्बन घ्यायची रीत एकच, खूणही एकच. हे काही तिला नव्याने कळलं नव्हतं. कॉलेजात असताना तिने ही आकृती काढली होती, नंतर मुलांना शिकवलीही होती. म्हशीने ज्वारीचा कडबा खाल्ला तर दुधातसुद्धा तीच खूण उतरणार. मग यंत्र जुळवताना हे सुटलं कसं? कसं म्हणजे, आकडे जुळवायला माणसं घेतली होती ती संस्थेच्या कॅन्टीनमधली, शेजारच्या वसतिगृहातली, समोरच्या संगणक कंपनीतली. पोळी, भात, इडली, पाव खाणारी. भाकरी म्हणजे हुरडा पार्टीला किंवा हॉटेलात पिठल्याबरोबर मागवायची चीज. ती रोज खाणारं, तिच्यावरच वाढणारं माणूस या राज्यात आहे, आणि एक तर आपल्याच स्वयंपाकघरात ती रोज थापतं, हे गटातल्या एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नाही. शलाका स्वतः पोळी खायची. भाकरी ही तिच्या लेखी 'आईंची' होती.

जुईच्या केसातला लाल रंग आंबिलीचा होता. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा होता. आई गेल्या, भाकरी गेली, रेघ उतरली. ती रेघ शलाकाने नवऱ्याला पाठवली होती.

"मॅडम, जेवा ना," वसावे सर म्हणाले. "साधंच आहे."

ती 'हो' म्हणाली, पण ताटाला हात लावला नाही. समोर पोरी हसत, एकमेकींना कोपर मारत जेवत होत्या आणि त्यांच्यातल्या एकीच्याही केसाकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

मग यकृत? पुण्यात परतल्यावर ती घरी न जाता आधी दुकानात गेली आणि आंबा-दह्याच्या नळ्या घेऊन प्रयोगशाळेत आली. या वेळी खूण शोधायची नव्हती, साधी साखर मोजायची होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येईल अशी चाचणी, आणि ती आजवर कुणी केलीच नव्हती, कारण चुगलीपेटी होती ना. नळीत फ्रुक्टोज ठासून भरलेलं होतं. पाकच होता, फक्त मक्याचा नव्हता. कंपनीने साबुदाण्याच्या कंदापासून तो केला होता, त्याच विकरांनी, त्याच पद्धतीने. कंद गवताच्या त्या गोतातला नाही, म्हणून खूण नाही. मका-मुक्त! शब्दही खोटा नव्हता. यंत्र आल्याबरोबर कारखान्यांनी मका सोडून कंद धरला होता आणि संस्थेने खुशाल हिरवी पानं वाटली होती.

म्हणजे भाकरी पकडली गेली आणि पाक सुटला. डब्यात दोन नळ्या रोज कोण ठेवत होतं? फ्रिजचा कप्पा कुणी भरला? राणी, भूक लागली की घे, असं कोण म्हणालं? शलाका स्टुलावर बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तिला स्वतःची इतकी शिसारी कधीच आली नव्हती.

संचालक बेहेरे सरांचं म्हणणं पडलं की बोभाटा नको, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. "यंत्र चांगलंच आहे गं. जरासं जुळवून घ्यायला हवं, एवढंच."

"सर, सुमाबाईंना कुठल्या आवृत्तीत परत घ्यायचं?" तिने विचारलं आणि त्याच दुपारी पत्रकारांपुढे जाऊन सगळं सांगितलं. यंत्र बंद झालं, शिक्के रद्द झाले, वसावे सरांची चौकशी थांबली. वर्तमानपत्रांनी तिला कुठे धाडसी म्हटलं, कुठे बेजबाबदार. दोन्ही तिने सारख्याच निर्विकारपणे वाचलं.

घरातल्या नळ्या तिने कचऱ्यात टाकल्या तेव्हा जुईने आकांत केला. नायगावकर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सुई पुढे ढकलली. "पोरांचं यकृत लवकर सावरतं," त्या म्हणाल्या. "वेळेत कळलंय. आता घरचं काय ते द्या." घरचं म्हणताना त्यांच्या मनात काही नव्हतं, पण शलाकाला ते लागलं.

हर्षदला तिने सगळं सांगितलं. त्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी स्टँडवर," तो म्हणाला, "आईने मला विचारलं, तुझाही विश्वास बसला का रे? मी म्हटलं, गाडी सुटेल, बस आत."

अख्ख्या राज्यापुढे चूक कबूल करणं शलाकाला एका दुपारात जमलं. बार्शीला जाणं मात्र ती आज-उद्या करत राहिली. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन हातात घेतला की तो गॅस बंद केल्याचा आवाज आठवे. शेवटी एका रविवारी ती आणि जुई निघाल्या. हर्षद म्हणाला, तू आधी बोल, मग मी येतो, मला तोंड दाखवायला जागा नाही.

दार छायामावशींनी उघडलं, आईंच्या धाकट्या बहिणीने. जुई आत पळाली. मावशींनी शलाकाला बाहेरच्या ओट्यापाशीच थांबवलं.

"बरं झालं आलीस. अक्काचं जरा बगा तुमी. सैपाकघरात येतच न्हाय. गॅसला हात लावत न्हाय. माझ्या नातवानं परवा पानी मागितलं, तर म्हनली, छाये, तूच दे बाई. आन् सारखं एकच, मला डाक्टरकडं ने, डोस्कं तपासून घ्यायचंय."

"डोकं? का?"

"काय बी ध्यानात ऱ्हात न्हाय म्हनती. मला तर सगळं ध्यानात हाय आसंच दिसतंय. चाळीस वर्सांमागले यश्टीचे स्टॉप सांगती धडाधडा."

आई आतल्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. जुई त्यांच्या मांडीला चिकटली होती आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. शलाका खाली फरशीवर बसली. वाटेत तिने बोलण्याची पुष्कळ जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही उरलं नाही.

"आई, यंत्र चुकलं होतं. तुम्ही काही दिलं नव्हतं. ते भाकरीचं होतं, नाचणीचं होतं. पाक मीच देत होते, त्या दह्याच्या नळ्यांतून. माझ्या हाताने. मला माफ करा."

आईंनी मान वर केली. त्या रागावल्या नाहीत. शलाकाने रागाची सगळी तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

"मी दिलं नव्हतं?" त्या म्हणाल्या.

"नाही, आई. कधीच नाही."

"नक्की?"

"नक्की. तुम्हाला तर माहीतच होतं ना. जुईला रडवत होते मी, म्हणून तुम्ही तसं म्हणालात."

"आदी तसंच म्हनले. पोरगी रडाय लागली म्हनून." त्या सावकाश बोलत होत्या, गाडीतला आवाज कुठेच नव्हता. "पर मग हितं आल्यावर वाटाय लागलं, मशीन कशाला खोटं बोलंल? तू एवढी शिकलेली. पोरगी बी व्हय म्हनली. मंग म्या दिलंच आसंल, आन् माझ्या ध्यानात नसंल. लई आटवून बगितलं. रोज आटवते. माझ्या आईचं बी डोस्कं शेवटाला आसंच गेल्तं. म्हनलं, आपल्या हातनं पोरीच्या पोटात काय जातंय, ते बी कळंना झालंय आपल्याला."

शलाकाला रडू आवरेना. तिला वाटलं होतं की आपण एका निर्दोष बाईवर आळ घेतला. तेवढंच असतं तर काय हवं होतं? तिने त्या बाईचा स्वतःवरचाच विश्वास काढून घेतला होता, आणि तो परत द्यायला कुठला अहवाल उपयोगी पडणार होता?

"आई, तुमचं डोकं ठणठणीत आहे. चला घरी. आजच चला."

"बगू," आई म्हणाल्या.

"आज्जी, भूक लागली," जुई म्हणाली.

छायामावशी आतून ताट घेऊन आल्या. गरम भाकरी, वाटीत दूध. ताट त्यांनी आईंच्या पुढ्यात ठेवलं. आईंनी भाकरीचा एक तुकडा मोडला, दुधात बुडवला. जुईने तोंड उघडलं. तुकडा तिच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथे आईंचा हात थबकला. मग वळला आणि शलाकापुढे आला.

"तू दे," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हीच भरवा ना तिला."

"नगं. तू दे."

शलाकाने तुकडा हातात घेतला. दूध तिच्या मनगटावरून ओघळलं. जुई तोंड उघडं ठेवून एकदा शलाकाकडे, एकदा आज्जीकडे बघत होती. आईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.